पाठ केलेले विसरणे

विसरभोळ्या झालेल्या नटाची भूमिका करणाऱ्या नटाला स्वतः काहीही विसरून चालत नाही. कोणत्या शब्दावर अडखळायचे, त्यानंतर किती वेळ गप्प राहायचे, कुठे तिसऱ्याच नाटकातले वाक्य तोंडात यायचे, हे सारे संहितेत लिहिलेले असते आणि ते त्याने चोख पाठ केलेले असते. ‘बॅरीमोर’ हा चित्रपट परवा घरी बसून पाहिला, तेव्हा हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

विल्यम ल्यूस यांच्या नाटकावर एरिक कॅनुएल यांनी केलेला हा चित्रपट २०११ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. कथानक म्हणावे असे त्यात फारसे नाही. एके काळी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीने डोक्यावर घेतलेला अमेरिकन नट जॉन बॅरीमोर १९४२ साली, म्हणजे मृत्यूच्या उंबरठ्यावर, एक नाट्यगृह भाड्याने घेतो आणि १९२० मध्ये गाजवलेला शेक्सपिअरचा ‘तिसरा रिचर्ड’ पुन्हा उभा करण्यासाठी तालमीला लागतो. दारूने स्मरणशक्ती पोखरली आहे. विंगेतला फ्रँक नावाचा प्रॉम्प्टर वाक्ये पुरवतो, आणि हे महाशय पुढचे वाक्य घेण्याऐवजी लग्नांचे, भावाबहिणीचे किस्से सांगत सुटतात. फ्रँकचा केवळ आवाज येतो, म्हणून याला एकपात्री म्हणायचे. पण ज्याने तालमीत प्रॉम्प्टिंग केले आहे तो या हिशेबाला सहजासहजी मान्यता देणार नाही. बॅरीमोर झालेल्या क्रिस्टोफर प्लमर यांना रंगमंचावरच्या याच भूमिकेसाठी १९९७ मध्ये टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला होता. चित्रपट झाला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते, आणि साठीतच संपलेल्या माणसाचे थकणे ते ज्या ताकदीने उभे करतात ते पाहून आपणच थोडे ओशाळतो.

मला मात्र पडद्यासमोर बसून एक गोष्ट सतत कमी पडत होती, ती म्हणजे भीती. काही वर्षांपूर्वी गिरगावच्या साहित्य संघात एका वयस्क कलाकाराचा एकपात्री प्रयोग पाहत होतो. दुसऱ्या अंकात ते एका वाक्याच्या मध्यावर थांबले. उपरण्याचे टोक त्यांनी बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. हा लेखकाने दिलेला विराम आहे की खरोखरच वाक्य हरवले आहे, हे कुणालाच कळेना. वेफर्सच्या पुडीचा आवाज थांबला. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका आजींनी, बहुधा हा प्रयोग त्यांनी अनेकदा पाहिला असावा, पुढचे दोन शब्द स्वतःशीच पुटपुटल्यासारखे उच्चारले. ते शब्द रंगमंचापर्यंत पोहोचले की नाही, देव जाणे. पण वाक्य पूर्ण झाले आणि टाळी पडली. ती टाळी नेमकी कोणासाठी होती, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

चित्रपटात हे घडूच शकत नाही. प्लमर अडखळतात तेव्हा ते अडखळणे दिग्दर्शकाने पसंत केलेले आहे, संकलकाने ठेवलेले आहे, हे आपल्याला ठाऊक असते. काळजी वाटते ती बॅरीमोरची, प्लमर यांची नव्हे. नाट्यगृहात या दोन काळज्या वेगळ्या करता येत नाहीत. खुद्द बॅरीमोर हॉलिवूडमध्ये अखेरीअखेरीस कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर धरलेल्या पाट्यांवरून संवाद वाचत असे. ज्या माध्यमाने त्याचे विसरणे सांभाळून घेतले, त्याच माध्यमाने त्या विसरण्याची गोष्ट सांगावी, यात काव्यगत न्याय असेलही, परंतु धोका काहीसा पातळ होतो, हे मान्य करायला हवे.

याच्या मोबदल्यात कॅमेरा जे देऊ शकतो तेही लहान नाही. या नाटकातले नाट्यगृह रिकामे असायला हवे, आणि रंगमंचावर नाटक चालू असते तेव्हा ते नेमके भरलेले असते. ‘समोर कुणी नाही’ असे मानून नट बोलतो आणि हजार माणसे त्याला दाद देतात, ही तडजोड आपण इतकी सवयीने स्वीकारतो की ती खटकतही नाही. कॅमेऱ्याला नटाच्या पाठीमागे उभे राहून त्या खुर्च्यांकडे पाहता येते.

आपल्याकडे असा विषय निघाला की कुणीतरी लगेच ‘नटसम्राट’चे नाव घेते. डॉ. श्रीराम लागूंनी १९७० मध्ये उभे केलेले आणि २०१६ मध्ये नाना पाटेकरांनी पडद्यावर आणलेले अप्पा बेलवलकर मलाही प्रिय आहेत, पण ते या जातीचे नाहीत. अप्पा मानाने, सत्कार घेऊन निवृत्त होतात; त्यांना घर दगा देते, कला नव्हे. बॅरीमोरचे दुःख सांगायला सून लागत नाही, जावई लागत नाही. एक विंग आणि एक न आठवणारे वाक्य पुरते.

मराठीत असे काही कुणी केले तर मी पहिल्या दिवशी जाईन. अडचण एवढीच वाटते की ते मुंबईत घडवता येणार नाही. शनिवार-रविवारच्या तारखांसाठी निर्मात्यांची ओढाताण चालते, बालनाट्याचा सेट निघतो न निघतो तोच दुपारच्या प्रयोगाचा टेम्पो मागच्या दाराशी येऊन थांबतो. अशा शहरात एखादा म्हातारा नट दादरच्या नाट्यगृहाच्या कार्यालयात जाऊन, मला जुनी वाक्ये आठवतात का पाहायचे आहे, एक रात्र द्या, असे म्हणाला, तर व्यवस्थापक आदराने त्याला खुर्ची देईल, चहा मागवेल आणि विचारेल, “दादा, तिकीट किती ठेवताय?”