माउस बाजूला ठेवून आंब्याची एक पेटी मागवून पाहा

आंब्याचा हंगाम जवळ आला की देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांच्या वेबसाइट पुन्हा जाग्या होतात. डझन निवडा, पिनकोड टाका, पैसे भरा. ज्याला दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो किंवा पक्षाघातानंतर ज्याला माउस धरवत नाही, त्या गिऱ्हाइकाला हे सगळं कीबोर्डवरूनच करावं लागतं. पैसे त्याच्याकडेही असतात, हापूस त्यालाही हवा असतो, आणि आपलं पान त्याला दारातच अडवतं.

म्हणून माउस काढा आणि वरून टॅब दाबत निघा. मागे यायला शिफ्ट-टॅब, लिंकला एंटर, बटनाला एंटर किंवा स्पेस, रेडिओ बटनांत (अनेकांतून एकच निवडायचे गोल) बाणाच्या कळा. मॅकवर सफारीत टॅब मुळात लिंकांवर थांबत नाही, तो पर्याय सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. नाहीतर चांगली साइटही बिघडलेली वाटेल.

पहिला प्रश्न: आत्ता आपण कुठे आहोत, म्हणजे फोकस (कळ दाबली की जिथे परिणाम होईल ती जागा) कुठे आहे, हे दिसतंय का? डिझायनरला बटनाभोवतीची चौकट खुपते आणि तो सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) चौकट काढणारं 'आउटलाइन: नन' लिहून टाकतो. डोळस कीबोर्डवाल्यासाठी हे पडद्यावरून माउसचा बाण गायब करण्यासारखंच आहे. त्याऐवजी सीएसएसमधलंच 'फोकस-व्हिजिबल' वापरा, म्हणजे बटनावर माउसने क्लिक केल्यावर चौकट उमटत नाही, टॅबने आल्यावर उमटते. जाडी ३ पिक्सेल ठेवा, आणि मागच्या रंगाशी तिचा फरक किमान ३:१ हवा. आंब्याच्या पिवळ्यावर पांढरी चौकट विरून जाते, गडद निळी ठळक दिसते.

सगळ्यात जास्त घोटाळा डझन वाढवण्याच्या अधिक-वजा चिन्हांपाशी होतो. ती बऱ्याचदा 'डिव्ह'वर (पानातल्या साध्या चौकोनी खोक्याच्या टॅगवर) क्लिक लावून बनवलेली असतात. डिव्हवर टॅब थांबत नाही, आणि एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्याला बटन म्हणत नाही. 'टॅबइंडेक्स' (टॅबचा क्रम ठरवणारा आकडा) शून्य दिला तर टॅब थांबेल, पण एंटर दाबून काहीच होणार नाही. त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागतो. सरळ 'बटन' टॅग वापरा, हवं ते रूप त्यालाही देता येतं. टॅबइंडेक्सला १, २, ३ असे आकडे तर देऊच नका. ते घटक पानातल्या बाकी सगळ्यांच्या पुढे उड्या मारतात आणि मधे एक रकाना वाढवला की क्रम कोलमडतो.

मग सवलतीचा पॉपअप. तो उघडतो, पण फोकस मागच्या पानातच राहतो आणि माणूस पडद्याआड टॅब दाबत बसतो. उघडताना फोकस आत जायला हवा, एस्केपने तो बंद व्हायला हवा, आणि फोकस ज्या बटनावरून आला तिथेच परतायला हवा. 'डायलॉग' टॅग 'शो-मोडल'ने उघडला तर यातलं बहुतेक काम ब्राउझरच करतो. उलटा दोष त्याहून वाईट: नकाशात किंवा फोटोंच्या पट्टीत टॅब शिरतो आणि बाहेरच येत नाही. डब्ल्यूसीएजी या वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या निकषांत (२.१.२) हे अगदी पहिल्या पायरीच्या, म्हणजे 'ए' पातळीवरच नापास आहे.

मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांनी कॅलेंडर तपासावं. तारीख फक्त क्लिकने निवडता येत असेल तर शेजारी टाइप करायचा रकाना द्या आणि दिवस-महिना-वर्ष हा क्रम तिथेच लिहा. 'खोली ५ मिनिटं राखून ठेवली आहे' असं घड्याळ लावलं असेल, तर कीबोर्डवरून नाव-पत्ता भरणाऱ्याला ती वेळ पुरत नाही. मुदत संपण्याआधी सूचना द्या, उत्तराला किमान २० सेकंद द्या, आणि स्पेस दाबून वेळ वाढवता येऊ दे, निदान १० वेळा.