पोट का नाही धुतलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. नाशिकला कॅज्युअल्टीत काम करताना हा प्रश्न मला दर हंगामात कुणीतरी विचारतंच: "डॉक्टर, औषध पोटात गेलंय, मग पोट का नाही धुतलं?" आमच्या भागात 'औषध' म्हणजे फवारणीचं. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की शेडमध्ये बाटल्यांची रांग लागते, आणि त्यातली एखादी कधी चुकून, कधी रागाच्या भरात तोंडाला लागते.

प्रश्न रास्त आहे. गावोगावी लोकांनी नळी, बादली आणि मिठाचं पाणी हाच उपचार पाहिलाय. इंटर्न असताना मीही तो केलाय. अर्धवट शुद्धीतल्या एका मुलाला चौघांनी धरलं, मी नळी घातली. पाणी फुप्फुसात गेलं. विषाचा जोर ओसरत होता, पण पाचव्या दिवशी न्यूमोनियाने तो गेला. त्याचा चेहरा अजून आठवतो.

खरं तर 1997 सालीच अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या विषतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून सांगितलं होतं की पोट धुणं हा सरसकट करायचा उपचार नाही. तासाभरानंतर फायद्याची खात्री नाही, धोका मात्र आहेच. दिंडोरीच्या पलीकडच्या वस्तीवरून आमच्यापर्यंत यायलाच तास उलटतो. पोटातलं विष शोषून घेणाऱ्या कोळशाच्या भुकटीवरही मोठी भिस्त होती. श्रीलंकेत 4,632 रुग्णांवर चाचणी झाली, 2008 साली निष्कर्ष आले: मृत्यू कमी झाले नाहीत.

म्हणून रुग्ण आला की माझं पहिलं लक्ष श्वासाकडे असतं. ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाने छातीत पाणी साचतं, माणूस आपल्याच स्रावात बुडतो. तिथे हा स्राव आटवणारं अ‍ॅट्रोपिन. छातीतली घरघर थांबेपर्यंत, नाडी आणि रक्तदाब सावरेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जायचा, मग सलाईनमधून चालू ठेवायचं. बांगलादेशातल्या एका चाचणीत या पद्धतीने मृत्यूचं प्रमाण सुमारे 22 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आलं. डोळ्याची बाहुली मोठी झाली म्हणून थांबू नका, हे मी प्रत्येक नव्या ज्युनियरला सांगतो.

या विषावरचं दुसरं औषध म्हणजे पीएएम (प्रॅलिडॉक्झिम). त्याचं मात्र इतकं सोपं नाही. 2006 साली आपल्याच बारामतीच्या डॉक्टरांनी 200 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. पीएएम सलग मोठ्या डोसमध्ये दिलेल्यांपैकी 1 टक्का दगावले, थोडंथोडं दिलेल्यांपैकी 8 टक्के. तीन वर्षांनी श्रीलंकेतून उलटं उत्तर आलं: औषध मिळालेल्या 121 पैकी 30 गेले, न मिळालेल्या 114 पैकी 18. मी दोन्ही निबंध कितीदा वाचलेत याला गणती नाही. बारामतीचे रुग्ण लवकर पोचले होते आणि त्यांना चांगला आयसीयू मिळाला होता. शिवाय विषाची जात महत्त्वाची. हे विष शरीरातल्या एन्झाइमला चिकटतं आणि पीएएम ते सोडवतं. क्लोरपायरिफॉससारखं असेल तर सोडवायला पुष्कळ तास हाताशी असतात. डायमेथोएट किंवा मोनोक्रोटोफॉस असेल तर तीन-चार तासांतच बरंचसं विष असं घट्ट बसतं की मग औषधाचं काही चालत नाही.

गेल्या हंगामात एका रात्री दोन वाजता असाच एक रुग्ण आला. पंचविशीचा, तोंडाला फेस. आम्ही अ‍ॅट्रोपिन सुरू केलं, श्वासनलिकेत नळी टाकली. बाहेर मोठा भाऊ तोच प्रश्न घेऊन उभा. मी त्याला खाली बसवलं, वर लिहिलंय तेवढं सगळं सांगितलं आणि विचारलं, "दादा, बाटली कुठंय?" त्याने गावाकडे फोन लावला. वहिनीने शेडमध्ये जाऊन बॅटरीच्या उजेडात लेबलाचा फोटो काढून पाठवला. क्लोरपायरिफॉस. घेऊन अजून तीन तास झाले नव्हते. सिस्टरांना पीएएमचं इन्फ्युजन लावायला सांगितलं. भावाला म्हणालो, याने फायदा होईलच असं मी लिहून देणार नाही, पण याच्या बाबतीत देणं मला योग्य वाटतं. तो म्हणाला, "द्या."

सहाव्या दिवशी नळी निघाली. तुमच्या घरी अशी वेळ आली तर मिठाचं पाणी पाजू नका, उलटी काढू नका. अंगावरचे भिजलेले कपडे हातमोजे घालून काढा, 108 ला फोन करा, आणि बाटली सोबत आणा.