डाव्या बाजूचे 14 मिलिमीटर

आमच्या मांडवाच्या धंद्याचे हिशेब मी लिहिते. गाडी मला चालवता येत नाही. पण आमच्या 407 ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाचा टायर सव्वा वर्षात तिसऱ्यांदा बदलायचा म्हणून ड्रायव्हरकाका पैसे मागायला आले, तेव्हा वही मीच मागे चाळली. उजव्या टायरची नोंद एकदाच सापडली. एकाच एक्सलवरची दोन चाकं, रस्ता तोच, वजन तेच, मग एकालाच एवढी भूक का?

गाडी जुनी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती घेतली तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. पाइप, बल्ल्या, कनाती, गाद्या असं सगळं लादून ती इंदूरभर फिरते. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या चित्ररथांच्या, दिवसांत तर तिला रात्रीचीही उसंत नसते. लग्नसराईत महू-मानपूरवरून खाली महेश्वरपर्यंत जाते.

टायर कापतोय म्हटल्यावर जो तो एकच सांगतो, अलाइनमेंट करून घ्या. आम्ही करून घेतलं. महिन्याभरात पुन्हा करून घेतलं, दुसऱ्या दुकानात. दोन्हीकडे कंप्युटरचा छापील कागद मिळाला. "भाभीजी, अब मक्खन चलेगी," असं आश्वासनही मिळालं. पण हे दोन कागद मी शेजारी ठेवले आणि माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. पहिल्या दुकानाने टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधल्या पुढून आणि मागून मोजलेल्या अंतरांतला फरक, बरोबर करून दिला होता. दुसऱ्याच्या कागदावर काम करण्याआधीच चाकं पुढून 6 मिलिमीटर फाकलेली. मधल्या काळात गाडी ना खड्ड्यात आदळली, ना कुठे धडकली. बँकेच्या पासबुकात असा फरक आला असता तर मी मॅनेजरसमोर जाऊन बसले असते.

6 मिलिमीटर म्हणजे किती, हे मी कागदावर मांडलं. आमच्या 7.50-16 टायरचा व्यास साधारण 800 मिलिमीटर. 800 ला 6, तर एक किलोमीटरला साडेसात मीटर. म्हणजे गाडी किलोमीटरभर सरळ गेली की दोन्ही चाकांत मिळून साडेसात मीटर रबर आडवं घासलं जातं. इंदूर ते महेश्वर जाऊन येईपर्यंत किती झालं ते तुम्हीच काढा. पण या हिशेबाने दोन्ही टायर सारखे झिजायला हवेत. आमचा डावाच झिजत होता, आणि तोही आतल्या कडेने.

खरी भीती वाटली ती गणपती घाटात. मानपूरच्या पुढचा तो उतार ट्रकवाल्यांना सांगायला नको. ड्रायव्हरकाका घाबरट नाहीत. पण त्या रात्री घरी आल्यावर चहा न घेताच म्हणाले, "वहिनी, ब्रेकवर पाय ठेवला की गाडी डावीकडे झेपावते. पाय काढला की पुन्हा सरळ. मी आता भरलेली गाडी घाटात उतरवणार नाही."

अण्णांनी मग ट्रान्सपोर्ट नगरातल्या त्यांच्या जुन्या मिस्त्रींना गाठलं. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. गाडी तिथे नेली त्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले, पैसे कशाचे द्यायचेत ते बघायला. उस्तादांनी दोन्ही कागद चष्म्याशी नेऊन पाहिले, घडी घालून मला परत दिले आणि हवा मोजायला घेतली. दोन्हीकडे सारखी. टायर डावा-उजवा अदलाबदल करून पाहिला होता का? काकांनी पाहिला होता, ओढ डावीकडेच राहिली, म्हणजे टायरचा दोष नाही. मग मोकळ्या रस्त्यावर एक फेरी, शक्यतो ब्रेक न लावता. उतरल्या उतरल्या उस्तादांनी दोन्ही ड्रमजवळ हात धरला. एका बाजूचा ब्रेक चिकटत असेल तर तो ड्रम तापतो. दोन्ही सारखेच कोमट निघाले.

नंतर जॅक. डावं चाक वर-खाली धरून हलवलं, तर खडक खडक. मला वाटलं सापडलं. उस्ताद म्हणाले, थांबा. काकांना ब्रेक दाबून धरायला लावला आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग ढिलं, चालूच राहिली तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनेवर डावी-उजवीकडे वळतं तिचा, बुश गेलेला. आमची चालू राहिली. आतली कड का झिजत होती ते तिथेच कळलं, बुश संपल्यामुळे वजनाखाली चाकाचा माथा आत कलत होता. मग चाकं जमिनीवर टेकवून काका स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवत बसले आणि उस्ताद खाली आडवे होऊन एकेका जोडावर हात ठेवत गेले. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचा एक एंड त्यांच्या बोटांना टिकटिक करताना लागला. टो दर वेळी वेगळा का यायचा, त्याचं अर्धं उत्तर हे. ढिल्या दाराची कडी कितीही नेमकी बसवा, काय उपयोग?

आणखी एक उद्योग आधी होऊन गेला होता. स्टिअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे म्हणून कुणीतरी स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून ठेवला होता. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येईना, काका ते हाताने ओढून आणायचे. प्ले होता खालच्या जोडात, पिळला बॉक्स. उस्तादांनी यावर जे उद्गार काढले ते मी इथे लिहीत नाही.

पण ब्रेकवरची ती झेप अजून उलगडली नव्हती. उस्तादांनी टेप मागितला. त्यांचा तुटलेला होता, म्हणून गाडीत कनाती मोजायचा आमचा होता तो दिला. चाकं सरळ करून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत मोजलं, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे 14 मिलिमीटर कमी. दोनदा मोजलं. मग कमानीच्या, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगच्या, पुढच्या पिनपासून तिला एक्सलशी आवळणाऱ्या यू-बोल्टपर्यंत, तर तिथेही तेवढाच फरक. काकांनी गाडी हळू पुढे घेऊन कचकन ब्रेक मारला, आणि खाली वाकलेल्या मला एक्सलची डावी बाजू मागे सरकताना डोळ्यांनी दिसली.

कमानीचे सगळे पाटे ज्या एका सेंटर बोल्टने एकत्र राहतात, त्याचंच डोकं एक्सलवरच्या भोकात बसून एक्सलला जागेवर धरतं. आमचा तो बोल्ट तुटला होता. यू-बोल्ट ढिले पडलेले, त्यामुळे ब्रेक लावला की एक्सल मागे आणि सोडला की थोडा पुढे. दुकानात गाडी रिकामी आणि उभी. तिथल्या कंप्युटरला हे कसं दिसावं? शिवाय या गाडीला पुढे अखंड बीमचा एक्सल आहे. त्यात दुकानदार टाय रॉड फिरवून टो तेवढा बदलू शकतो. चाकाचा तिरपेपणा एक्सलमध्येच घडवलेला असतो, तो पान्याने बदलत नाही. कागदावर मात्र सगळे आकडे ओळीने छापलेले होते आणि पैसेही सगळ्यांचे घेतले होते.

कमानी उतरवली, सेंटर बोल्ट आणि चारही यू-बोल्ट नवे घातले. किंगपिनचा सेट दोन्ही बाजूंचा बदलला, एकच बदलावा हा माझा काटकसरी सल्ला कुणी ऐकला नाही. सामान इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलं. नव्या पिनांत ग्रीस भरताना उस्तादांनी चाक जमिनीवरून उचललेलं ठेवलं, कारण वजन असलं की खालच्या बेअरिंगपर्यंत ग्रीस पोचत नाही. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू सोडून पुन्हा बसवला. टो सगळ्यात शेवटी. टायर फिरवत त्यावर खडू लावला, खिळ्याने रेघ मारली आणि टेपने पुढून-मागून मोजलं. पुढून किती कमी ठेवायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकातून घेतला. त्यांच्या डोक्यात तो होता, तरी पुस्तक उघडलं.

निघताना ताकीद मिळाली, "माल भरके दो-तीन सौ किलोमीटर चलाओ, फिर यू-बोल्ट कसवाने वापस आओ।" काका मी आठवण करण्याआधीच जाऊन आले.

टेप उस्तादांनी परत दिला, पण काकांनी तो गाडीच्या डॅशबोर्डात ठेवून घेतला आहे आणि मागितला तरी देत नाहीत. कनातींसाठी नवा घ्यावा लागला. त्याचे 120 रुपये मी गाडी खात्यावर टाकलेत.