पाच प्लस

कानाची पाळी चिमटीत घट्ट धरायची, रक्त ओसरून ती पांढरी पडली की ब्लेडने बारीक चीर द्यायची, पातं आडवं वळवून खरवडायचं आणि आलेला रस काचेवर पसरायचा. कुष्ठरोगाच्या तपासणीत मी वर्षानुवर्षं हेच केलं. एक स्लाइड मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

चाळिशीतले एक शेतमजूर. अंगावर पुसट चट्टे, कानाच्या पाळ्या जाड. "ताई, मला तर काहीच दुखत नाही. घरचे म्हणाले म्हणून आलो." सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल लेन्सखाली बघितलं तर निळ्यावर लाल जंतू, काही सुटे, काही काड्यांच्या जुड्यांसारखे. लेन्सखाली एका वेळी दिसणाऱ्या एकेका क्षेत्रात शेकड्यांनी. पाच प्लस, म्हणजे जंतूंच्या मोजणीच्या सहा पायऱ्यांतली पाचवी.

एवढे जंतू अंगात आणि शरीर गप्प! या रोगाचं हेच मला सगळ्यात कपटी वाटतं. एकाचे दोन व्हायला या जंतूला जवळपास दोन आठवडे लागतात, घाई म्हणून नाहीच. ज्या मॅक्रोफेज पेशींनी त्याला गिळून संपवायचं, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो. त्याच्या भिंतीतले मेणचट पदार्थ त्या पेशींची धार बोथट करतात. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्याच्यापुरत्या थंड पडतात, इतर जंतूंशी मात्र लढत राहतात. ज्यांची प्रतिकारशक्ती जागी असते त्यांना एखाद-दुसरा बधिर चट्टा येतो आणि स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या त्या रसात, बहुधा काहीच सापडत नाही.

त्या शेतमजुरांना एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची अनेक औषधांची एकत्र उपचारपद्धती, सुरू झाली. चार महिन्यांनी चट्टे लालबुंद होऊन सुजले, कोपराची शीर, म्हणजे तिथला मज्जातंतू, ठणकू लागली. जंतूंचा भार हलका होताच दबलेली प्रतिकारशक्ती उठली होती, आणि जंतू शिरेत लपलेले, म्हणून मार शिरेलाही बसत होता. त्यांना वाटलं, गोळ्यांनीच वाढलं. पाकिटं पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली आणि तीन आठवडे घरीच बसले. खरं तर तेव्हा एमडीटी चालू ठेवून लगेच प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड द्यायचं असतं. असं होऊ शकतं हे पहिल्याच दिवशी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. याची टोचणी मला आजही आहे.

पुढच्या वर्षी स्मिअर चार प्लस आला. सूज, ठणका गेला होता. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र वाकडंच राहिलं. त्यानंतर पहिलं पाकीट हातात देताना मी प्रत्येकाच्या कोपरावर बोट ठेवून सांगायचे, "इथे दुखलं तर त्याच दिवशी या. गोळी थांबवू नका."