एमपी ०९ पासिंगची स्पोर्ट्स कार

‘ऑटोमेशन’ या संगणकावरच्या खेळात आपल्या मनाचं इंजिन आणि गाडी घडवता येते. हजार अश्वशक्तीची गाडी तिथे बघता बघता होते. मोठ्यातलं मोठं व्ही-एट इंजिन घ्यायचं, दोन टर्बो बसवायचे, दर्जाचे सगळे स्लायडर उजवीकडे ढकलायचे. आकडा बघून छाती फुगते आणि थोड्याच वेळात कंटाळा येतो. त्याऐवजी दीडशे-पावणेदोनशे अश्वशक्तीची, अकराशे किलोची, वळणावर हातात राहणारी गाडी काढायला घ्या. आठवडा कुठे गेला कळत नाही. तिथे एक गोष्ट वाढवली की दुसरी कुठेतरी कमी करावी लागते, आणि मनगढंत कंपनीची मनगढंत गाडी खरी वाटायला लागते ती त्या ओढाताणीत.

इंदुरात बसून गाडी काढायची तर नावासाठी इटलीला जाण्याचं कारण नाही. महूकडे जानापावचा डोंगर आहे, गाडीचं नावही जानापावच ठेवू. साल १९९२, दोन सीट, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर.

बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. आधी बॉडी, मग सस्पेन्शन, आणि इंजिन त्यानंतर. पुढच्या बाजूला डबल विशबोन (चाक वर-खाली दोन दांड्यांवर धरणारं सस्पेन्शन) लावलं की ते इंजिनाच्या जागेत शिरतं. डबल कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारे दोन-दोन दांडे असलेलं) व्ही इंजिन तर वर हेडकडे चांगलंच रुंद असतं. तासभर खपून ते तयार करावं आणि मग लाल अक्षरांत कळावं की बॉनेटखाली बसत नाही! जानापावला चार सिलिंडरचं सरळ इंजिन पुरे.

बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) ८६ मिमी, चार सिलिंडर, म्हणजे १९९८ सीसी. आता लालरेषा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा, कुठे ओढायची? इथे अंदाज चालत नाही, पिस्टनचा सरासरी वेग काढायचा: स्ट्रोकची दुप्पट गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले साठ. ७,२०० फेऱ्यांना तो सेकंदाला २०.६ मीटर येतो, हे ओतीव (कास्ट) नाही पण घडीव (फोर्ज्ड) क्रँक आणि रॉड निवांत सोसतात. ९,००० केले की २५.८, आणि मग रॉडपासून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगपर्यंत सगळंच महाग होतं. स्प्रिंग कमी पडली तर व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत, आणि ताकदीच्या आलेखाची शेपटी एकदम खाली कोसळते. जास्तीत जास्त ताकद ६,८०० ला मिळत असेल तर लालरेषा त्याच्या चार-पाचशे पुढे ठेवावी. त्यापुढे नुसता आवाज.

हाच हिशोब इंदूरच्याच एका खऱ्या गाडीला लावून बघण्यासारखा आहे. यशवंतराव होळकर (दुसरे) यांची १९३०च्या दशकातली ड्यूसेनबर्ग एसजे, लंडनच्या गर्नी नटिंगची बॉडी, भगवा-काळा रंग. एका ओळीत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, सुपरचार्जर, डबल कॅम, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि ३२० अश्वशक्तीचा दावा. यादी आजची वाटते. पण स्ट्रोक जवळजवळ १२१ मिमी. ४,२०० फेऱ्यांनाच पिस्टनचा वेग १७ च्या घरात जातो. जानापावइतकं ७,२०० ला फिरवायचं म्हटलं तर तो २९ होईल आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतील. तेव्हाच्या मोठ्या इंजिनांना ताकद आकारमानातून काढावी लागे ती म्हणून. खेळातलं कॅलेंडर महायुद्धानंतर सुरू होतं, त्यामुळे महाराजांची गाडी त्यात थोडक्यात हुकते.

परत जानापावकडे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, १०.५ ठेवलं तर ९५ ऑक्टेनचं पेट्रोल चालतं. साध्या ९१ वर तेच इंजिन ठोकायला लागतं. मग टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घ्या नाहीतर कॉम्प्रेशन उतरवा, दोन्हीकडे ताकद जाते. कॅम जास्त तीव्र केला तर वरचा जोर वाढतो आणि खालचा पिकअप मरतो, हे गाडी चालवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. जानापावला १६५ अश्वशक्तीवर थांबवू.

त्यात टॉप स्पीड किती? हवेचा अडथळा मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. या आकाराची गाडी १६५ मध्ये ताशी २३० किलोमीटरच्या आसपास जाते. २५० हवे असतील तर साधारण २१० अश्वशक्ती लागेल. शेवटच्या वीस किलोमीटरची किंमत पंचेचाळीस घोडे. आपल्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या ओव्हलवरची कलती वळणं ताशी २५० ला स्टिअरिंग न वळवता गाडी जावी अशी बांधली आहेत. जानापावला तिथे स्टिअरिंग किंचित वरच्या कडेकडे धरावं लागेल आणि एक फेरी तीन मिनिटांना जेमतेम कमी पडेल.

गिअरबॉक्समध्ये सर्रास होणारी चूक या टॉप स्पीडचीच. टायर २०५/५० आर १५, म्हणजे परिघ १.८४ मीटर, २३० ला इंजिन ६,८०० वर यायचं असेल तर पाचव्या गिअरचं एकूण गुणोत्तर ३.२७ हवं. हौशी लोक गिअरबॉक्सचा टॉप स्पीडचा स्लायडर ३०० वर ठेवतात. गाडी ३०० काही जात नाही, पण सगळे गिअर लांब होऊन प्रत्येक गिअरमधली जवळपास पाव खेच मात्र जाते.

सस्पेन्शनमध्ये मात्र रमावं. प्रत्येक चाकावर २४० किलो भार धरला, तर घरगुती गाडीच्या १.२ हर्ट्झसाठी (सेकंदाला इतक्या वेळा गाडी स्प्रिंगवर वरखाली झुलते) चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला १४ न्यूटन लागतो आणि स्पोर्ट्स कारच्या १.८ हर्ट्झसाठी ३१. वारंवारिता दीडपट, कडकपणा सव्वादोनपट. म्हणून स्लायडरला एकेक टिचकीच द्यायची. उंचीचंही असंच. जमिनीपासून १२० मिमी ठेवले आणि स्पीडब्रेकर नियमाप्रमाणे, १० सेंटिमीटर उंच नि ३.७ मीटर रुंद असेल, तर २.४ मीटरच्या व्हीलबेसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात) त्याचा फुगवटा फक्त ४२ मिमी येतो. गाडी आरामात पार. पण रामबागेच्या गल्लीत कोणी घरासमोर हौसेने घातलेला अरुंद, तेवढाच उंच उंचवटा आला की शंभर मिमी तिथेच संपले, आणि स्प्रिंग दबली की सायलेन्सर गेला.

सजावटीला पोह्यांवर जिरावण मसाला टाकतात तेवढाच हात लावावा. १९९२ साल आहे म्हटल्यावर उघडमिट करणारे हेडलाइट शोभतात; खऱ्या जगात ते २००४ पर्यंत टिकले. जाळ्या, फटी, पंख यांची गर्दी केली तर गाडी बीमएनजीत, म्हणजे ती प्रत्यक्ष चालवून बघायच्या दुसऱ्या खेळात, न्यायला ताटकळावं लागतं. नंबर प्लेट इंदूरची, एमपी ०९.

बीमएनजीत नेल्यावर पहिली परीक्षा टॉप स्पीडची घेऊ नका. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ८० ला लांब वळण घ्या आणि मध्येच ॲक्सिलरेटर सोडा. मागची बाजू सुटून गाडी गरकन फिरली, तर ऑटोमेशनने हाताळणीला कितीही चांगले गुण दिले असोत, मागचा अँटीरोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा) दोन टिचक्या मऊ करा. तरी फिरली तर मागचा टायर २०५ वरून २२५ करा, आणि तोही पुरला नाही तरच पुढचा बार कडक करा. टायर बदलला तर परिघ बदलतो, तेव्हा गिअर पुन्हा मोजावे लागतील.