पाठकोरे

आमच्या घरी पाठकोरा कागद टाकायची पद्धत नाही. विजेची बिलं, लग्नपत्रिका, उसवून उलटी केलेली पाकिटं, सगळं फ्रिजशेजारच्या चिमट्यात. वाण्याची यादी त्यावरच होते. शिवाय कागदाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे अंगात मुरलेलं. मग रद्दी द्यायला हात धजावत नाही.

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातला ‘गेनिझा’ संग्रह संगणकावर बघताना म्हणूनच मला आपल्याच माळ्यावर चढल्यासारखं वाटलं. जुन्या कैरोत, फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एक बंद खोली होती. तीच गेनिझा. देवाचं नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही, हा ज्यूंचा रिवाज. तिथल्या मंडळींनी मात्र हिशेब, भांडणं, पत्रं, मुलांची मुळाक्षरं असं बरंच काही त्या खोलीत लोटलं. शतकानुशतकं. १८९६ साली अ‍ॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या जुळ्या स्कॉटिश बहिणी काही कपटे घेऊन केंब्रिजला परतल्या. तिथले हिब्रूचे अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी ते पाहिले आणि थेट कैरो गाठलं. येताना सोबत एक लाख नव्वद हजारांच्या वर तुकडे! खोक्यांच्या गराड्यात, डोक्याला हात लावून बसलेल्या शेख्टरांचा फोटो आहे. दिवाळीआधी माळा काढून बसलेला माणूस अगदी असाच दिसतो.

त्यातलं एक पत्र ११७० च्या आसपासचं. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून डेव्हिड आपल्या थोरल्या भावाला, मोझेस मायमोनिडीसना लिहितोय. इथे घेण्यासारखा माल नाही, म्हणून हिंदुस्थानला निघालोय. घरच्यांना घाबरवू नका, धीर द्या. पुढे तो समुद्रात बुडाला. एवढा मोठा तत्त्वज्ञ आणि वैद्य, पण भावाच्या दुःखाने वर्षभर अंथरुणाला खिळला.

माझा माणूस मात्र अब्राहम बेन यिजू. बाराव्या शतकातला हा व्यापारी मूळचा ट्युनिशियाकडचा, पण कित्येक वर्षं राहिला आपल्या मंगळूरला. तिथे पितळी भांड्यांचा कारखाना काढला. लिहिण्याची मात्र पंचाईत. मलबारात लिखाण ताडपत्रावर, आणि याला हवा कागद. एडनचे मित्र साखर-बेदाण्यांबरोबर तोही धाडायचे. इतक्या लांबून आलेला कागद वाया कोण घालवेल? त्यांच्याच पत्रांवर जिथे कोरी जागा सापडेल तिथे बेन यिजूने आपले हिशेब, याद्या, कच्चे मसुदे खरडले. पाठकोरेच ते! परतताना हे कागद त्याने बरोबर नेले असावेत. मंगळुरात खरडलेलं फुस्तातच्या खोलीत पडलं आणि तिथून केंब्रिजला गेलं.

काल यादी केली, विजेच्या बिलामागे. साखर, रवा, बेदाणे. वर ठळक तारीख घातली, सालासकट. पुढेमागे कुणाला डोक्याला हात लावायची वेळ नको.