तुम्ही विचारलेत म्हणून: लग्नानंतर ज्युडो सुटणारच ना?

मुलीचे नाव नोंदवायला आलेले पालक फी आणि वेळ विचारून झाल्यावर जरा घुटमळतात आणि मग हळूच म्हणतात, "मॅडम, हे किती वर्षं चालणार? पुढे लग्न झालं, मूलबाळ झालं, की सुटणारच ना?" घाईत मी काहीतरी अर्धवट बोलून वेळ मारून नेते, पूर्ण उत्तर द्यायचे तर मला जपानच्या र्योको तामुराची कारकीर्द सांगावी लागते.

फुकुओकाची ही मुलगी ४८ किलो वजनी गटात खेळायची आणि तिची उंची होती जेमतेम १४६ सेंटिमीटर. बुटकेपणाची चिंता करणाऱ्या आयांना मी मुद्दाम सांगते, की सेओई-नागे या डावात समोरचीच्या कमरेखाली शिरून, तिला पाठीवर घेऊन पुढे फेकायचे असते. उंच मुलीला त्यासाठी गुडघ्यांत खोल वाकावे लागते, र्योको मात्र नुसती वळली तरी जागेवर पोहोचलेली असे. १९९२ मध्ये बार्सिलोनात महिला ज्युडोची ऑलिंपिक पदके प्रथमच दिली गेली, तेव्हा ती १६ वर्षांची होती आणि अंतिम लढत हरली. अटलांटाला ती सलग ८४ लढती जिंकून अंतिम फेरीत पोहोचली, आणि तिथे उत्तर कोरियाच्या क्ये सुन-हुई या १६ वर्षांच्याच मुलीने तिला हरवले. सुवर्णपदक मिळाले ते २०००मध्ये सिडनीला, आणि ती अंतिम लढत एक मिनिटही चालली नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. डिसेंबर २००३मध्ये तिने बेसबॉलपटू योशितोमो तानी यांच्याशी लग्न केले आणि पुढच्याच वर्षी अथेन्सला तानी या नावाने दुसरे सुवर्ण जिंकले. २००५च्या अखेरीस तिला मुलगा झाला. दोन वर्षांहून अधिक काळ स्पर्धेबाहेर राहून ती परतली आणि सप्टेंबर २००७मध्ये रिओ दि जानेरोला तिने सातवे जागतिक विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी बीजिंगच्या उपांत्य लढतीत, वेळ संपत आली असताना मिळालेल्या एका शिक्षेमुळे ती हरली, तरी कांस्यपदक घेऊनच घरी गेली.

हे सांगताना एक गोष्ट मी लपवत नाही. २००७च्या निवड स्पर्धेत तिला तोमोको फुकुमीने अंतिम फेरीत हरवले होते आणि २००८मध्ये एमी यामागिशीने. तरीही दोन्ही वेळा जपानने र्योकोलाच पाठवले. पूर्वीची कामगिरी पाहून तसे केले असेल, पण मॅटवर जिंकूनही घरी बसलेल्या त्या दोघींचे मला आजही वाईट वाटते. सगळ्याच परतणाऱ्या आयांसाठी अशी जागा राखून ठेवली जात नाही, हेही पालकांना कळायला हवे.

माझे स्वतःचे ज्युडो लग्नाच्या वर्षीच सुटले. कोणी बंदी घातली नव्हती. सरावाची वेळ संध्याकाळी सहाची होती आणि कणीक मळायचीही तीच. माझ्या ज्युडोगीचे, म्हणजे ज्युडोच्या पोशाखाचे, कापड जाड होते म्हणून तिची पायपुसणी झाली, आणि ती मीच कापून शिवली. रिओची बातमी वाचली तेव्हा माझा मुलगा तिच्या मुलाएवढाच होता. त्यानंतर मॅटवर पाय ठेवायला मला आणखी चार वर्षे लागली, आणि तेही शिकवण्यापुरते.